मिठाच्या पुडीवरची तारीख: घरच्या प्रकल्पाच्या नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२६

१ जानेवारी, गुरुवार

पंधरा वर्षं साईट डायरी लिहिली. स्लॅब किती वाजता सुरू झाला, सिमेंटच्या गोण्या किती गेल्या, लेबर किती आलं, पाऊस आला का, सगळं लिहायचो, पण स्वतःच्या अंगाचं एक पान कधी भरलं नाही. गेली दोन वर्षं साईट सुटली आणि बिलिंगला बसलोय, खुर्ची, एसी, चहा आणि एक्सेल. डिसेंबरात ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं त्यात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ६.० आली. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा आहे म्हणे. कंबर ९७ सेंटीमीटर, भारतीय पुरुषाला ९० च्या आत पाहिजे. (साईटच्या स्टीलच्या टेपनं मोजली होती, लेकीनं हसून आजीच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला कापडी टेप आणून दिला, तरी आकडा काय बदलला नाही.)

स्कोप ऑफ वर्क: रोज पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा, साखर बंद, मीठ कमी, रात्री साडेदहाला झोप. मुदत तीन महिने. एजन्सी: मी, ही, आई आणि नववीतली लेक.

लिहून झाल्यावर वाचलं तर टेंडरसारखं झालंय. आणि ज्या एजन्सीला काम दिलंय तिला अजून विचारलेलं नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

किल्ल्यावर गेलो. साताऱ्याची थंडी आणि चढ, दोन्ही विसरलो होतो. वाटेतल्या चार भिंती स्मारकापाशीच दम लागला, तिथं दोन मिनिटं थांबलो तर सत्तरीचे आजोबा कानटोपी घालून गप्पा मारत पुढं निघून गेले. वर मंगळाईला नमस्कार करून खाली. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी मिठाची नवीन पुडी फोडायची होती, एक किलोची. कोपऱ्यात मार्करनं लिहिलं: २/१/२६. ठरवलंय की ही पुडी संपेपर्यंत काही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. आधी आहे ते लेव्हल घेतल्याशिवाय खोदायचं नाही, हे तरी आपल्या धंद्यात शिकलोय.

आई बघत होती. "मिठावर कसली तारीख टाकतोस? ते काय नासतं व्हय?"

५ जानेवारी, सोमवार

चहाचं मोजलं. घरी दोन, ऑफिसात तीन, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्याला चार-पाच ग्रॅम धरले तरी ४० ते ५० ग्रॅम नुसत्या चहातून जातात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. म्हणजे सकाळी अकरापर्यंतच माझा दिवसाचा कोटा संपतो, बिस्किटं धरलीच नाहीत.

ऑफिसखालच्या टपरीवाल्याला म्हटलं, आजपासून बिनसाखरेचा. त्याचं एकच मोठं पातेलं, साखर आधीच उकळलेली. तो वर बघून म्हणाला, "साहेब, शुगर झाली का?" आजूबाजूचे चौघं वळले. म्हटलं नाही, होऊ नये म्हणून. तर शेजारच्यानं हळूच सांगितलं की त्याच्या मेव्हण्याची कारल्याच्या रसानं पूर्ण गेली. आपल्याकडं गोड नको म्हटलं की माणूस एकतर आजारी नाहीतर रुसलेला, तिसरं कारणच कुणाला सुचत नाही.

शेवटी तडजोड: तीन फुल चहांच्या जागी दोन कटिंग. साखर तीच पण कप अर्धा.

९ जानेवारी, शुक्रवार

किल्ला बंद पडला. परवा साईटवर स्लॅबला रात्री दीडपर्यंत थांबावं लागलं, काल उठलो नाही, आज उठलो पण परत झोपलो. एकूण चार दिवस झाले. वाईट वाटलं पण आश्चर्य नाही, कारण पहाटे साडेपाच हे सगळ्या गोष्टी सुरळीत असतील तरच जमतं, आणि आमच्या लाईनीत सुरळीत दिवस महिन्यात सहा.

संध्याकाळी जेवणानंतर आई गॅलरीत येरझाऱ्या घालत होती. म्हटलं काय करतेस? "शतपावली." ती गेली पन्नास वर्षं करते, मी तितकी वर्षं बघतोय. १०० पावलं, दीड मिनिटाचं काम, ना बूट लागत ना गजर. जेवल्यानंतर पाय हलले की पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर उचलतात, त्यामुळं जेवणानंतर जी वर उसळी बसते ती कमी होते, हे आता डॉक्टरही सांगतात.

स्कोपमध्ये बदल: अजिंक्यतारा फक्त रविवारी. रोज रात्री जेवणानंतर बिल्डिंगखाली शतपावली. लेक म्हणाली मी पण येते, मोबाईल घेऊन. म्हटलं मोबाईल सोडून. म्हणाली मग बघू.

११ जानेवारी, रविवार

शतपावली तिसरा दिवस. १०० पावलं झाली की थांबावंसं वाटत नाही, आज दहा-बारा मिनिटं झाली. लेक आली, मोबाईल घेऊनच आली, पण पावलं मोजायला म्हणून. तिनं विचारलं दहा हजारच का, नऊ हजार का नाही. त्याची गंमत अशी की १९६० च्या दशकात जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. आकडा आधी जाहिरातीतून आला, विज्ञान नंतर चालत आलं. त्याच्या आत चालूनही पुष्कळ फायदा होतो हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलंय. तिला म्हटलं आपला आकडा १०० आहे, पुढचं सगळं बोनस.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

आज डाएटचं नाव काढलं असतं तर आईनं घराबाहेर काढलं असतं. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे सकाळी सातलाच ऐकवून झालं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि भोगीची भाजी: वांगी, गाजर, पावटा, ओले हरभरे, घेवडा, बोरं, शेंगदाणे, तिळाचं कूट.

खाता खाता लक्षात आलं की डाएटच्या व्हिडिओवाले जे मिलेट आणि सीझनल व्हेजिटेबल आणि फायबर म्हणून ओरडतात ते सगळं या एका ताटात आहे आणि आपण वर्षातून एकदाच खातो. हिला म्हटलं आठवड्यातून दोनदा बाजरी करू. ही म्हणाली, "करू म्हणजे कोण करणार? बाजरीचं पीठ मळायला वेळ लागतो, शाळेतून येऊन मी भाकऱ्या थापत बसू आणि तुम्ही डायरीत लिहिणार, बाजरी सुरू."

बरोबर आहे. साईटवर कुणी इंजिनियर असं ड्रॉईंग द्यायला लागला की मीही मिस्त्रीच्या बाजूनं भांडायचो.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ. मोजले नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

आईचं बीपी. गोळी चालू आहे गेली सहा वर्षं, पण घरी मोजायचं मशीन डिसेंबरात घेतलं आणि रोज १६०-१६५ दाखवायचं, आई घाबरायची, मग अजून वाढायचं. आज डॉक्टरांकडं मशीन घेऊनच गेलो. त्यांनी पट्टा बघितला आणि म्हणाले हा यांच्या दंडाला लहान आहे, घट्ट पट्ट्यात आकडा जास्तच येणार. दुकानदारानं मोठा पट्टा मिळतो हे सांगितलंच नव्हतं, आणि मीही खोक्यावरचं वाचलं नव्हतं, वर लिहिलेलं होतं दंडाच्या घेराचं माप. तीन हजारांचं मशीन आणि माप न घेता आणलं. मी. बिलिंगवाला.

मोजायची पद्धत पण चुकत होतीच: जिना चढून आल्या आल्या, पाय लोंबकळत, बोलत बोलत. आता असं: पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आधी चहा नाही. दोनदा घ्यायचं, सकाळ-संध्याकाळ, सात दिवसांची सरासरी.

डॉक्टर म्हणाले मिठाचं बघा. तो विषय आमच्याकडं तारखेसकट चालू आहे म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

पुडी संपली! २ तारखेला फोडली, काल शेवटचा चमचा गेला, २१ दिवस.

१००० ग्रॅम भागिले २१ दिवस भागिले ४ माणसं = माणशी ११.९ ग्रॅम.

पाहिजे किती? ५ च्या आत. म्हणजे एक छोटा चमचा सपाट, दिवसभराचं सगळं मिळून. आम्ही दुपटीच्याही वर. मान्य आहे की यातलं थोडं गुळण्यांना, थोडं भाज्या धुवायला जातं. पण उलट बाजूनं मी खाल्लेला वडापाव, लेकीचे वेफर्स, ऑफिसातलं फरसाण, हे पुडीत मोजलेलंच नाही. एक दुसऱ्याला खाऊन जातं असं धरू. मोजमाप ढोबळ आहे, पण पुढच्या पुडीशी तुलना करायला चालेल, कारण चूक दोन्हीकडं सारखीच राहणार.

जेवताना आकडा वाचून दाखवला. हिचा चेहरा पडला, कारण तिला वाटलं मी तिच्या स्वयंपाकाचं ऑडिट काढलंय. आणि तसंच झालं होतं की. रात्री शतपावलीला तिला घेऊन गेलो आणि माफी मागितली, आणि विचारलं की तूच सांग कुठं कमी करता येईल.

तिनं जे सांगितलं ते माझ्या सगळ्या वाचनापेक्षा कामाचं होतं. एक, पोळीच्या कणकेत मीठ घालतो ते बंद केलं तर कुणाला कळणारही नाही, भाकरीत कुठं घालतो. दोन, भातात घालतो ते बंद, आमटी खारी असतेच की. तीन, ताटात डावीकडं वर मीठ वाढायची पद्धत, ते कुणी मागितल्याशिवाय वाढायचं नाही. चौथं तिनं सांगितलं नाही, मला रात्री सुचलं.

२४ जानेवारी, शनिवार

चौथं म्हणजे चमचा.

मिठाच्या बरणीत जो चमचा आहे तो मुळात कुठल्यातरी जुन्या डिनर सेटचा आहे, खोलगट. किचनच्या वजनकाट्यावर ठेवला: शिगोशीग भरून ९ ग्रॅम. ही भाजीत "दीड चमचा" घालते, आमटीत "एक". ती मोजमाप करत नाही, हात मोजतो, वीस वर्षं तोच चमचा आणि तोच हात. हाताला सांगून काही उपयोग नाही, हात ऐकत नाही. म्हणून चमचा बदलला. मसाल्याच्या डब्यातला हळदीचा छोटा चमचा मिठात टाकला, तो भरून ३ ग्रॅम. खोलगट चमचा वरच्या फळीवर, आईच्याही हाताला न लागेल असा.

दुपारी हिनं आमटीत सवयीनं एक घातला, चाखली, नाक मुरडलं, अजून एक घातला. झाले ६. आधीचे ९. भांडण नाही, भाषण नाही, तीन ग्रॅम वाचले.

नवीन पुडी कालच फोडलेली, तारीख २३/१/२६.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

लेकीच्या शाळेत सूर्यनमस्कार होते. घरी येऊन म्हणाली बाबा तुम्ही किती घालता? शून्य. आपल्याच जिल्ह्यातलं औंध, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, स्वतः म्हातारपणापर्यंत रोज घालायचे, आणि त्यांच्या राज्यापासून बसनं जेमतेम दीड तासावर राहणारा मी पायाच्या अंगठ्याला हात लावताना कण्हतो.

घातले. तीन. चौथ्याला मनगट दुखलं.

कधी घालायचे यावर विचार केला. पहाट हा शब्द या डायरीतून बाद झालाय. मग बघितलं की सकाळी मी गिझर लावतो आणि पाणी तापेपर्यंत बारा-पंधरा मिनिटं कमोडवर नाहीतर सोफ्यावर मोबाईल बघत बसतो. ती वेळ मोकळीच आहे, रोज आहे, रविवारी पण आहे. गिझरचा लाल दिवा लागला की सतरंजी टाकायची. दिवा गेला की आंघोळ.

१ फेब्रुवारी, रविवार

गिझर-नमस्कार आठवा दिवस, एकही खाडा नाही, चारवर आलोय. यात माझं कौतुक काही नाही, आंघोळ चुकत नाही म्हणून हेही चुकत नाही.

रात्रीची झोप मात्र बोंबललीय. साडेदहा लिहिलंय, पावणेबारा होतात. मोबाईलचा चार्जर हॉलमध्ये नेऊन ठेवला, तर मी हॉलमध्ये उभ्यानंच रील बघत बसलो, चार्जिंगला लावून, वायर पुरेल तेवढं वाकून. ही पाणी प्यायला उठली आणि काही न बोलता लाईट बंद करून गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पिठलं मी केलं. हळदीकुंकवाला ही आणि आई बाहेर, लेक आणि मी घरी. छोट्या चमच्याचा अभिमान असल्यानं एकच घातला. लेकीनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, हे वॉलपेपर लावायची खळ आहे." मग तिनंच युक्ती काढली, लिंबू पिळलं, वर लसणाची कोरडी चटणी, कच्चा कांदा. खाल्लं गेलं. आंबट, तिखट आणि लसूण असला की जीभ मिठाचं विसरते थोडी, हे कुठल्यातरी लेखात वाचलं होतं पण आज कळलं.

आणि शेवटी चाखून मीठ घालावं, सुरुवातीला नाही. पिठलं आटलं की आधी घातलेलंच जास्त होतं. ही म्हणाली हे शोधून काढायला सव्वा महिना लागला का.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

उपास. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी तुपात. रोजच्यापेक्षा जास्त जेवण होतं आमचं उपासाला, हे काय नवीन नाही.

वाद झाला तो सैंधवावरून. आई म्हणते उपासाला सैंधव, ते चांगलं असतं, ते कितीपण खा. तसं नाही. सैंधव पण जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच, रंग गुलाबी म्हणून बीपीला काही फरक पडत नाही, वर पुडीतल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं ते यात बहुतेक वेळा नसतं. मग लेक म्हणाली ते लो सोडियमवालं मीठ आणू. त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, कामाचं आहे, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर अंगात पोटॅशियम वाढून गडबड होऊ शकते. आईची गोळी त्यातलीच आहे. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले आजींना नको, तुम्ही आहे तेच कमी करा. विषय संपला.

रात्री आई म्हणाली, "मग देवाला तरी सैंधव चालतं ना?" चालतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुसरी पुडी संपली. २३ जानेवारी ते २१ फेब्रुवारी, ३० दिवस.

१००० ÷ ३० ÷ ४ = ८.३.

११.९ वरून ८.३! मी ओरडलोच. आणि गंमत म्हणजे कुणाची तक्रार नव्हती. पहिले आठ-दहा दिवस आमटी पाणचट लागायची, नंतर लागेना. परवा ऑफिसात कुणाचातरी वाढदिवस म्हणून फरसाण आलं, तोंडात घातलं तर मिठाचा खडा चावल्यासारखं झालं, हे तेच फरसाण जे मी गेली दोन वर्षं मुठीनं खातोय. जीभ इतकी बदलते हे मला माहीत नव्हतं.

आज किल्ला. हिला पण घेऊन गेलो. परत येताना मिसळ. लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय.

७ मार्च, शनिवार

१ जानेवारीपासून ६६ वा दिवस. ६६ का तर लंडनच्या एका विद्यापीठात ९६ लोकांवर एक अभ्यास झाला होता, नवीन सवय आपोआप व्हायला किती दिवस लागतात. मधला आकडा ६६ आला, पण कुणाला १८ लागले आणि कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडं फिरतं त्याला काही आधार दिसत नाही. आणि त्यात अजून एक होतं जे मला फार आवडलं, की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

काँक्रीटचं पण तसंच. सात दिवसांचा क्यूब, म्हणजे नमुन्याचा ठोकळा, दाबून बघितला की साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, उरलेली यायला २८ दिवसांपर्यंत थांबायचं, आणि तोवर रोज पाणी मारायचं. एक दिवस पाणी राहिलं तर स्लॅब पडत नाही. पण पहिल्या आठवड्यातच पाणी मारणारा पोरगा गावाला गेला तर मात्र भेगा. माझा किल्ला पहिल्याच आठवड्यात गावाला गेला होता.

६६ व्या दिवसाची परिस्थिती: शतपावली आपोआप होते, जेवून उठलो की चप्पल शोधतो. गिझर-नमस्कार सहा. मीठ चालू. चहाची साखर दोनवरून एक चमच्यावर, बिनसाखरेचा काही जमत नाही आणि आता जमवायचा पण नाहीये. झोप: अकरा दहा. पहाटेचा किल्ला: रविवारी, तोही महिन्यातून दोनदा. बाजरी: चार वेळा झाली, त्यातल्या दोनदा भाकरी मी थापली, एकदा तव्यावर घालताना अर्धी खाली पडली.

१४ मार्च, शनिवार

अपघात. आजच्या तारखेला लाल पेन.

ऊन वाढलंय, आईनं वाळवणाला सुरुवात केली. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून सांडगी मिरची. दुपारी बरणी उघडली तर मीठ तळाला. म्हटलं आई, मीठ कुठं गेलं? "मिरच्यांना लागतं की, बिनमिठाच्या भरू का?" तिनं प्रकल्पाच्या पुडीतलं घेतलं. मूठ भरून. किती मुठी? "तीन. नाहीतर चार. मी काय मोजते व्हय तुझ्यासारखी?"

माझा तिसऱ्या पुडीचा हिशोब गेला. मी चिडलो, आवाज चढला, आणि आई काही न बोलता गच्चीवर गेली. ही म्हणाली, "अहो, पुडी महत्त्वाची का आई?" दहा मिनिटांनी वर गेलो. आई मिरच्या उलटत बसलेली. म्हटलं एक मूठ घेऊन दाखव. तिला आधी कळेना. मग खाली येऊन तिनं वजनकाट्यावर मूठ सोडली: ५१ ग्रॅम. परत, ४९. परत, ५०. सत्तरीच्या बाईची मूठ इतकी नेमकी! आमच्या साईटवरचं काँक्रीटचा माल तोलणारं वेइंग बॅचर एवढं नेमकं माप टाकेल तर बरं. ती हसली, म्हणाली तीनच घेतल्या होत्या, आता आठवलं.

दुरुस्ती: तिसऱ्या पुडीतून १५० ग्रॅम वजा. वाळवणाचं मीठ वेगळं, जाडं मीठ, वेगळ्या डब्यात.

वाळवणाचंच खरं तर बघायला पाहिजे, कारण पापडात मीठ असतंच आणि वर पापडखार, म्हणजे सोडियम दोन्ही दारांनी येतं. पण कुरडया आणि पापड बंद करा हे या घरात कुणीच म्हणणार नाही, मी तर नाहीच. पापड रविवारी आणि पाहुणे आले की, एवढं ठरलं. लोणचं रोज ताटात यायचं ते आता फडताळात असतं, ज्याला पाहिजे त्यानं उठून घ्यायचं. बहुतेक वेळा उठायचा कंटाळा येतो.

१९ मार्च, गुरुवार, गुढीपाडवा

कडुलिंबाची पानं, गूळ, जिरं, ओवा, चिमूट मीठ. चिमूट आईची. मोजायला गेलो नाही.

श्रीखंड दोन वाट्या. शतपावलीला चारही जणं उतरलो, आई जिन्याचा कठडा धरून. खाली शेजारचे काका भेटले, म्हणाले मिरवणूक कुठं निघाली. मग तेही बरोबर आले, तर चालणं कमी आणि थांबून बोलणं जास्त झालं.

२५ मार्च, बुधवार

तिसरी पुडी संपली. २२ फेब्रुवारी ते २४ मार्च, ३१ दिवस, मिरच्यांचे १५० वजा.

८५० ÷ ३१ ÷ ४ = ६.८५.

यावेळी ओरडलो नाही. ५ च्या आत जायला अजून बरंच आहे, आणि मला वाटतंय इथून पुढचं पुडीत नाहीच, ते बाहेरच्या खाण्यात आहे, बेकरीत, फरसाणात, लेकीच्या कॅन्टीनमध्ये. तिथं माझा चमचा चालत नाही.

आईचं बीपी, सात दिवसांची सरासरी: जानेवारीत नवीन पट्ट्यानं १४६/८४ होतं, आता १३८/८२. गोळी तीच. एका घरातल्या एका बाईचे आकडे, थंडी पण गेली आणि उन्हाळ्यात बीपी तसंही थोडं उतरतं, त्यामुळं याचं श्रेय मिठाला किती द्यायचं ते डॉक्टरांवर सोडलं. ते म्हणाले चालू ठेवा, गोळी स्वतःहून बंद करू नका. आई लगेच म्हणाली मी कुठं बंद करते, तर तिनं एकदा केली होती, दोन वर्षांमागं, शेजारणीच्या सांगण्यावरून, ते आज पहिल्यांदा बाहेर आलं.

३१ मार्च, मंगळवार

मार्च एंड. गेले चार दिवस घरी येतोय ते फक्त झोपायला. बिलं, मेजरमेंट बुकं, सह्या. गिझर-नमस्काराचा आज ६६ वा दिवस असायला पाहिजे होता आणि नेमके शेवटचे तीन खाडे, कारण अंघोळ थंड पाण्यानं उरकून पळत होतो. रात्रीचं जेवण ऑफिसात, वडापाव, त्यावर खारी मिरची. शतपावली ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये केली, वॉचमन विचारत होता साहेब काय हरवलंय का.

५ एप्रिल, रविवार

रिपोर्ट आला. एचबीए१सी ५.९. तीन महिने थांबलो होतो कारण ती टेस्ट गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरीच सांगते, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून. ६.० वरून ५.९, एवढा फरक तर मशीनच्या चुकीतही जाईल. कंबर ९७ वरून ९४, ती मात्र कापडी टेपनंच, लेकीनं मोजली, श्वास आत घेऊ दिला नाही. वजन ७८.४ होतं ते ७६.९.

जानेवारीत ५.९ बघून मी खट्टू झालो असतो. आज जेवून झाल्यावर सगळे चपला घालत होते म्हणून मी पण घातल्या.

गिझर-नमस्कार परवापासून परत चालू, पाचवर. उन्हाळ्यात गिझर बंद झाला की याचं काय करायचं ते ठरवायला पाहिजे, लेक म्हणते कुकरच्या शिट्टीला जोडा.

मिठाची चौथी पुडी २५ तारखेला माझ्या मार्च एंडच्या गडबडीत फुटली होती आणि मी तारीख टाकायची विसरलो होतो. आज बरणी भरताना बघितलं तर पुडीवर तारीख आहे, बॉलपेननं, आईच्या अक्षरात, तिच्या जुन्या वळणाच्या ५ सहित: २५ मार्च. आणि खाली, बारीक: मिरच्यांचं वेगळं घेतलंय.